कवटीच्या आतली भरती-ओहोटी

तान्ह्या बाळाची टाळू भरताना घरातली वडीलधारी बाई हात किती हलका ठेवते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. तेल जिरवता जिरवता बोटांखाली काहीतरी उडत असते. बाळ वर्ष-दीड वर्षाचे झाले की तिथले हाड जुळून येते आणि ते उडणे दिसेनासे होते. पण दिसेनासे झाले म्हणून ते थांबते थोडेच? तुमच्या-माझ्या डोक्यात, हा लेख वाचताना या क्षणीही, ते चालूच आहे. कवटीचे झाकण घट्ट बसल्यामुळे आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही एवढेच.

या झाकणाआड डोकावण्याची संधी इटलीतील तुरीन शहरच्या अँजेलो मोस्सो या शास्त्रज्ञाला १८७७ साली मिळाली. बर्तिनो नावाच्या एका शेतकऱ्याच्या डोक्याला जबर जखम होऊन कवटीला भोक पडले होते. त्यातून मेंदूचे ठोके दिसत. मोस्सोने ते कागदावर उमटवून घेतले. एकदा प्रयोग चालू असताना दुपारची घंटा वाजली आणि बर्तिनोच्या मेंदूचे ठोके एकदम मोठे झाले. हाताची नाडी मात्र होती तशीच! घंटेबरोबर म्हणावयाची प्रार्थना तर आठवली नाही ना, असे मोस्सोने त्याला विचारले, तेव्हा ठोके पुन्हा उसळले. आठाला बाराने गुणावयास सांगितले, तेव्हाही तेच झाले.

आत शिरायचे तर कोणीतरी बाहेर

हे ठोके कशाचे? कवटीत तीनच वस्तू असतात. मेंदू, रक्त, आणि मेंदूला वेढून राहिलेले पाण्यासारखे स्वच्छ द्रव. त्याला मस्तिष्क-मेरुद्रव म्हणतात. कवटी ताणत नाही आणि मेंदू दाबून लहान होत नाही. तेव्हा एक वस्तू वाढली तर दुसरीला जागा द्यावीच लागते. एडिंबरोच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि त्यांचे शिष्य जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये हे तत्त्व मांडले. मुंबईकराला ते समजावून सांगण्याची गरज नाही. सकाळच्या लोकलचा डबा डोळ्यांपुढे आणला म्हणजे झाले.

मेंदूचे वजन जेमतेम १.४ किलो. पण त्याला दर मिनिटास सुमारे पाऊण लिटर रक्त लागते. हृदयाचा ठोका पडला की रक्ताची एक लाट मेंदूत शिरते. तिला जागा करून देण्यासाठी मेरुद्रव मानेतून खाली पाठीच्या कण्याकडे सरकते. लाट ओसरली की ते परत वर येते. स्वतः मेंदूही दर ठोक्याला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका हलतो.

श्वासाचे काम याहून संथ. आपण श्वास आत घेतो तेव्हा छातीतला दाब कमी होतो आणि डोक्यातले नीलांमधले रक्त छातीकडे ओढले जाते. रिकाम्या जागेत मेरुद्रव वर चढते. श्वास सोडला की उलट. या द्रवाचा सारा साठा सुमारे १५० मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक मोठा कप. दिवसाकाठी नवे सुमारे अर्धा लिटर तयार होते. म्हणजे कपातले पाणी रोज तीन-चार वेळा बदलले जाते.

‘हलू नका’

एम.आर.आय.च्या नळीत मी स्वतः एकदा पडलो आहे. डोके गच्च बसवलेले, कानांवर बोळे, आणि भोवती असा ठणठणाट की कासाराच्या आळीत निजल्यासारखे वाटावे. ‘काका, अजिबात हलू नका,’ असे तिथल्या मुलाने तीनदा बजावले. मी बापडा दगडासारखा पडून होतो. पण ज्याचे चित्र काढायचे तो मेंदू मात्र आत आपला हलतच होता!

या यंत्रात क्ष-किरण नसतात. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजनचे अणू असतात. त्यांची केंद्रके प्रबळ चुंबकापाशी होकायंत्राच्या सुईसारखी वागतात. रेडिओलहरींनी त्यांना हलवायचे, आणि जागेवर येताना ती जो प्रतिसाद देतात त्यावरून चित्र रचायचे. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली अशी चित्रे प्रसिद्ध केली. त्यांना आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

मेंदूचे विचारकार्य पाहू इच्छिणाऱ्यांना श्वास आणि नाडी ही पुष्कळ वर्षे कटकटच वाटे. चित्रातून ती पुसून काढण्याच्या युक्त्या निघाल्या. शिवाय नेहमीच्या पद्धतीत साऱ्या मेंदूचे एक चित्र घ्यायला दोन-तीन सेकंद लागत. तेवढ्यात हृदयाचे दोन-तीन ठोके होऊन जातात. सिनेमात टांग्याची चाके उलटी फिरताना दिसतात ना? तशीच फसगत इथेही होई.

मग यंत्रे वेगवान झाली. फिनलंडमधील औलू येथे वेसा किविनिएमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेकंदाला दहा या गतीने साऱ्या मेंदूची चित्रे घेतली. २०१६ साली त्यांनी तीन निरनिराळ्या लाटा दाखवल्या. एक हृदयाची, एक श्वासाची, आणि तिसरी रक्तवाहिन्यांच्या संथ आकुंचन-प्रसरणाची. जर्मनीतील गटिंगेनच्या संशोधकांनी तर २०१५ मध्येच दाखवून दिले होते, की मेरुद्रवाच्या वाहण्यावर खोल श्वासाची सत्ता मोठी आहे. काल जो कचरा म्हणून फेकला जात होता, त्यातच माणसे मोती शोधू लागली!

ही उठाठेव कशासाठी?

माझे वडील शेवटच्या काही वर्षांत मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारीत. सकाळी केलेले विचारणे दुपारी पुन्हा करीत. ज्यांच्या घरी असे झाले आहे त्यांना जास्त सांगावयास नको. अल्झायमरच्या विकारात मेंदूत काही प्रथिनांचा गाळ साचतो. हा गाळ वाहून नेण्यात या लाटांचा हात असावा, अशी कल्पना २०१२ मध्ये मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांवरील प्रयोगांवरून मांडली. झोपेत ही सफाई जोरात चालते, असे त्यांनी पुढच्याच वर्षी लिहिले. २०१९ साली बोस्टनमध्ये झोपलेल्या माणसांच्या डोक्यात मेरुद्रवाच्या मोठ्या संथ लाटा एम.आर.आय.ने टिपल्या गेल्या. अल्झायमरच्या रुग्णांत हृदयाच्या लाटेची चाल बदललेली असते, असे औलूच्या मंडळींना २०२१ मध्ये आढळले.

पण लगेच हुरळून जाऊ नये. २०२४ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांना उंदरांत नेमके उलटे दिसले. झोपेत सफाई मंदावलेली होती! वाद अजून मिटलेला नाही. शिवाय लाट बदलल्यामुळे रोग होतो की रोगामुळे लाट बदलते, हेही ठरायचे आहे.

आता आपल्यापैकी कोणीतरी विचारणारच, ‘मग आमचा प्राणायाम?’ प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत काही निरोगी माणसांना यौगिक श्वसन करावयास लावून एम.आर.आय. काढले गेले. खोल श्वासाने मेरुद्रवाचा वेग तेवढ्यापुरता वाढला, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढेच सिद्ध झाले आहे. त्याने विस्मरण टळते असा दाखला कोणी दिलेला नाही, आणि तसे सांगून कोणी औषध विकू लागला तर त्याला दारातूनच नमस्कार करावा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब वेळच्या वेळी तपासून घ्यावा, त्यांच्या झोपेची आबाळ होऊ देऊ नये. एवढे तर कोणत्याही वादाचा निकाल लागण्याची वाट न पाहता करता येण्यासारखे आहे. आणि एखादी गोष्ट त्यांनी तिसऱ्यांदा विचारली, तर तिसऱ्यांदाही शांतपणे उत्तर द्यावे.