पाच वॅटचे फिरते हॅम केंद्र : वजन आणि डेसिबल यांचा हिशेब

हॅम रेडिओमध्ये अल्पशक्ती प्रसारणाला क्यूआरपी म्हणतात. सीक्यू वर्ल्डवाइड या जागतिक स्पर्धेत या गटासाठी प्रसारणशक्तीची मर्यादा ५ वॅट आहे. पाठीवरच्या एका पिशवीत मावेल असे केंद्र घेऊन या गटात उतरायचे असेल, तर प्रत्येक ग्रॅम कोठे खर्च करावा, हे या पाठात पाहू. उदाहरणासाठी केंद्र लखनौजवळ आहे असे मानू.

१. शक्ती कमी केल्याने किती तोटा होतो?

नेहमीचा संच १०० वॅटचा असतो. १०० आणि ५ यांचे गुणोत्तर २०, म्हणजे १० × लॉग २० = १३ डेसिबल. सिग्नल मोजण्याच्या एस-मापनात एक पायरी ६ डेसिबलची धरतात. म्हणजे शक्ती विसाव्या हिश्शावर आली, तरी समोरच्याकडे सिग्नल सुमारे दोनच पायऱ्या उतरतो.

यातला बराचसा तोटा भरून काढता येतो. आवाजी प्रसारणासाठी ग्राहकाचा पट्टा सुमारे २,४०० हर्ट्‌झ ठेवावा लागतो, मोर्ससाठी ५०० हर्ट्‌झ पुरतो. पट्टा अरुंद झाला की त्यात शिरणारा गोंगाटही सुमारे ७ डेसिबलने घटतो. ही स्पर्धा आवाजी प्रकारात ऑक्टोबरच्या आणि मोर्स प्रकारात नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असते. पाच वॅटवाल्याने नोव्हेंबरची निवडावी, याचे कारण हे ७ डेसिबल.

२. बॅटरी

५ वॅटचा साधा संच १२ व्होल्टवर प्रसारणात सुमारे १ अँपिअर आणि ग्रहणात ०.१५ अँपिअर घेतो असे धरू. एकूण वेळेच्या २५ टक्के प्रसारण, आणि मोर्समध्ये त्यातही निम्माच वेळ की दाबलेली :

सरासरी प्रवाह = ०.२५ × (०.५ × १ + ०.५ × ०.१५) + ०.७५ × ०.१५ = सुमारे ०.२६ अँपिअर

आठ तासांना सुमारे २ अँपिअर-तास लागतील. राखीव धरून ३ अँपिअर-तासांचा चार सेलचा लिथियम फॉस्फेट संच घ्यावा. त्याचे वजन सुमारे ३५० ग्रॅम. १०० वॅटचा संच प्रसारणात सुमारे २० आणि ग्रहणात १ अँपिअर घेतो. हाच हिशेब त्याला लावला तर २७ अँपिअर-तास लागतात, आणि तेवढीच राखीव क्षमता धरल्यास बॅटरीच सुमारे साडेचार किलोची होते. १३ डेसिबल सोडून आपण चार किलो वाचवले.

३. अँटेना

वाचलेल्या वजनातले थोडे अँटेनाच्या उंचीवर खर्च करावे. ७.०३ मेगाहर्ट्‌झसाठी अर्धतरंग तार :

लांबी = १४२.५ ÷ ७.०३ = सुमारे २०.३ मीटर

हीच तार १४ आणि २१ मेगाहर्ट्‌झवर अनुक्रमे दोन आणि तीन अर्धतरंगांची होते. त्यामुळे टोकाकडून जोडल्यास एकाच तारेवर तिन्ही पट्टे चालतात. टोकाचा रोध सुमारे २,४५० ओहम असतो, म्हणून ४९ : १ चा ट्रान्सफॉर्मर लावून तो ५० ओहमवर आणतात. ५ वॅटलाही टोकावर सुमारे ११० व्होल्ट असतात, तेव्हा प्रसारण चालू असताना तारेला हात लावू नये.

१४ मेगाहर्ट्‌झवर आडवी तार ५ मीटर उंच असेल तर बरीच ऊर्जा सरळ वर जाते. ती १० मीटरवर नेल्यास मुख्य झोत क्षितिजापासून सुमारे ३० अंशांवर येतो आणि दूरचे संपर्क साधतात. लखनौचा परिसर सपाट आहे, डोंगरमाथ्याचा फायदा नाही. १० मीटरचा फायबरचा खांब दीड-दोन किलोचा, म्हणजे बाकी सगळ्या केंद्राइतका जड. मलिहाबादकडच्या आमराईत एखादे उंच झाड मिळाले, तर वजन बांधलेली दोरी फांदीवरून टाकून तार वर ओढता येते. मात्र आसपास विजेच्या तारा असतील तर ती जागा सोडून द्यावी.

जोडकेबल बारीक घेतली तर चालते का? ५ मीटर आरजी-५८ ऐवजी आरजी-१७४ घेतल्यास १०० ग्रॅमहून अधिक वाचतात आणि १४ मेगाहर्ट्‌झवर जादा तोटा अर्ध्या डेसिबलपेक्षा कमी होतो. येथे बारीक केबल योग्य. केबल २५ मीटर असती तर उत्तर उलटे आले असते.

४. संच

हैदराबादच्या अशर फरहान यांनी २००३ साली मांडलेला बिटएक्स हा १४ मेगाहर्ट्‌झचा, ६ वॅटचा आवाजी संच भारतीय बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून बनतो. त्यात कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशरही वापरले आहेत. त्याची आकृती अभ्यासावी. स्पर्धेसाठी मात्र मोर्सची सोय असलेला, ५ वॅटच्या आत राहणारा संच हवा.

५. वेळापत्रक

स्पर्धा शनिवारी भारतीय वेळेनुसार पहाटे ५.३० ला सुरू होऊन ४८ तास चालते. दुसऱ्या खंडातील संपर्काला ३ गुण, आशियातील दुसऱ्या देशाला १, आणि भारतातल्या भारतात ०. म्हणून बॅटरीचे आठ तास सलग संपवू नयेत. अंधार असताना ७ मेगाहर्ट्‌झ आणि दुपारनंतर युरोपकडे १४ व २१ मेगाहर्ट्‌झ अशी वाटणी करावी. स्वतः हाक देत बसण्यापेक्षा जोरदार ऐकू येणाऱ्या केंद्रांना उत्तर द्यावे. त्यांचे अँटेना आपल्यापेक्षा मोठे असतात, त्याचा लाभ आपल्यालाही मिळतो.

प्रसारणासाठी दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेचा हौशी परवाना आवश्यक आहे. केंद्र दुसऱ्या जागी नेण्याआधी त्याच्या अटी वाचाव्यात.

स्वाध्याय

१. प्रसारणाचा वाटा ४० टक्के झाला, तर आठ तासांना किती अँपिअर-तास लागतील?
२. शक्ती ५ वरून २.५ वॅट केल्यास तोटा किती डेसिबल? बॅटरीत वाचलेल्या वजनाच्या बदल्यात तो पत्करावा का? कारण द्या.