पायंडल, पेडल, ट्रेडल

तेलंगणाच्या सीमेवरच्या बिलोलीत काय किंवा पुण्यात काय, सायकलवाला 'पायंडल'च मारतो. शब्द इंग्रजीतून आला, पण परका वाटत नाही. त्यामागचा लॅटिन 'पेस' आणि आपला 'पाद' मुळात एकाच भाषाकुळातले, आणि 'पाद'चाच 'पाय' झाला. सीटवरून पाय पोचत नाहीत म्हणून दांड्याखालून एक पाय घालून सायकल हाणायची, ते 'हाफ पायंडल'. मोठ्या सायकलवर शिकलेल्या पिढीला ते सांगावे लागत नाही.

शिवणयंत्राचे पायंडल वेगळे. ती लोखंडी जाळीची पट्टी टाच आणि चवडा आलटून-पालटून दाबून हलवायची. त्या हालचालीने मोठे चाक फिरते, पट्ट्यावाटे वरचे छोटे चाक. सुरुवातीला चाकाला हाताने योग्य दिशेने ढकलावे लागते. उलटे फिरले की दोरा तुटलाच!

छापखान्यात अशा पायाने चालवायच्या यंत्राला 'ट्रेडल' म्हणत. खिळे जुळवून लग्नपत्रिका, पावतीपुस्तके छापणारे ते यंत्र पुढे विजेवर चालू लागले, तरी नाव पायाचेच राहिले. संगीत नाटकांतल्या ऑर्गनला दोन पायपट्ट्या असत. त्यांनी हवा खेळती राही आणि वाजवणाऱ्याचे दोन्ही हात सुरांना मोकळे राहत. पायपेटीचेही तेच. मोटारीतले क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर ही पेडलेच, पण त्यांना कोणी पायंडल म्हणत नाही.

लिहिताना एक सांभाळा: 'पॅडल' म्हणजे नावेचे वल्हे. तलावात पायाने चालवतात ती 'पेडल बोट'.