पिकअप का भटकते?

टेंभुर्णीच्या चौकात थोडा वेळ उभे राहा. पुण्याहून सोलापूरला जाणारा महामार्ग इथून जातो. कुर्डुवाडी, अकलूज, करमाळा, पंढरपूर, सगळीकडचे रस्ते इथे मिळतात. त्या रस्त्यांवर पिकअप गाड्यांना तोटा नाही. एकीत केळी, दुसरीत डाळिंबे, तिसरीत दुधाचे कॅन. यांतल्या पुष्कळ गाड्या जुन्या असतात. आणि जुन्या गाडीची एक तक्रार ठरलेली असते.

ड्रायव्हर म्हणतो, "मिस्त्री, गाडी सरळ जाईना बघा. हात जरा ढिला सोडला की इकडं पळती, नाहीतर तिकडं पळती."

याला आपण गाडी भटकणे म्हणू. पण आधी नीट ओळखा. गाडी नेहमी एकाच बाजूला जात असेल, तर ते भटकणे नव्हे, ओढणे. त्या बाजूच्या टायरात हवा कमी असेल, किंवा त्या चाकाचा ब्रेक धरून राहत असेल. ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर बहुतेक वेळा चाकाचे वजन चहूबाजूंनी सारखे नसते. भटकणारी गाडी मात्र कधी डावीकडे जाते, कधी उजवीकडे. ड्रायव्हरला सारखे स्टिअरिंग हलवत राहावे लागते.

गावातल्या रस्त्यावर हे फारसे जाणवत नाही. महामार्गावर जाणवते. शेजारून मोठी बस गेली की वाऱ्याचा झोत बसतो. भीमानगरला नदीच्या पुलावर वारा आडवा लागतो. आषाढीच्या दिवसांत कडेने दिंड्या चालतात. तिथे गाडी दोन हात जरी सरकली, तरी माणसाच्या अंगावर जाते.

आता कारण कसे शोधायचे ते पाहू. पैसा लागत नाही तिथून सुरुवात करा.

पहिली गोष्ट हवा. सकाळी गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना हवा मोजा. किती हवी तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पुष्कळ गाड्यांच्या दाराच्या चौकटीवरही असतो. पुढच्या चाकांचा आकडा वेगळा, मागच्यांचा वेगळा. तो स्वतः वाचा, अंदाजाने भरू नका. मग टायर पाहा. डावा एका जातीचा आणि उजवा दुसऱ्या जातीचा, असे करू नका. टायरच्या अंगावर चार आकडे एकत्र छापलेले असतात. समजा तिथे २३१९ आहे. म्हणजे तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारे होते.

दुसरी गोष्ट ओझे. बैलगाडीत मागे जास्त माल भरला तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. गाडी उलाळ होते. जू बैलांच्या मानेवरून उचलते. पिकअपचेही तसेच आहे. मागच्या फळीकडे पोती रचली की पुढची चाके हलकी होतात. हलके चाक रस्ता धरत नाही. म्हणून गाडी रिकामी चालवून पाहा. रिकामी सरळ जाते आणि भरली की भटकते, असे असेल तर मिस्त्रीकडे जाण्याआधी माल भरण्याची रीत बदला. मागचे पाटे बसले आहेत का, तेही बघा.

रस्त्याचा दोषही असतो. उसाच्या ट्रॉल्यांनी डांबरात चाकोरी पडते. चाकोरीत कोणतीही गाडी थोडी डुलते. दुसऱ्या सपाट रस्त्यावरही तसेच होते का, ते पाहून मगच गाडीला दोष द्या.

एवढे करूनही गाडी भटकतेच, तर दोष जोडांत शोधावा.

स्टिअरिंग फिरवले की चाक थेट फिरत नाही. मधे स्टिअरिंग बॉक्स असतो. मग दांडे असतात. दांड्यांच्या टोकांना वाटीत गोळी बसवावी तसे जोड असतात. त्यांना टाय रॉड एंड म्हणतात. प्रत्येक जोड थोडा थोडा झिजतो. सगळ्यांची झीज मिळून स्टिअरिंग पोकळ फिरते. मिस्त्री म्हणतात, "प्ले आलाय."

प्ले मोजणे सोपे आहे. गाडी सपाट जागी, चाके सरळ ठेवून उभी करा. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. आता स्टिअरिंग बोटांनी हळूच हलवा. चाक हलू लागेपर्यंत ते किती पोकळ फिरते, ते पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातल्या ९८व्या नियमात याची हद्द सांगितली आहे. ३० अंशांपेक्षा जास्त प्ले चालत नाही. ३० अंश म्हणजे किती? घड्याळाचा काटा १२ वरून १ वर जातो, तेवढे. १६ इंच रुंदीच्या स्टिअरिंगच्या कडेवर ते साधारण ४ इंच भरते. पण ही कायद्याची हद्द झाली. शहाणा ड्रायव्हर इतकी वाट पाहत नाही.

प्ले कुठल्या जोडात आहे, ते शोधायला दोन माणसे लागतात. एकाने वर बसून स्टिअरिंग थोडेथोडे डावी-उजवीकडे हलवायचे. दुसऱ्याने खाली वाकून एकेका जोडावर हात ठेवायचा. जोडाची एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तो जोड गेला. डोळ्याला दिसत नाही ते हाताला कळते.

मग चाक उचला. आधी मागच्या चाकांना मोठे दगड लावा. जॅकवर भरवसा ठेवू नका. चेसीखाली मजबूत घोडा किंवा लाकडी ठोकळा द्या. विटा देऊ नका, विटा फुटतात. चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. खडखड लागली, तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले, तर बेअरिंग ढिले आहे. थांबले नाही, तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट झिजला आहे. चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवले आणि ढिले लागले, तर दोष बहुधा दांड्यांच्या जोडांत.

इथे पुष्कळ मालक एक घाई करतात. "बॉक्सचा स्क्रू आवळा, लगेच गाडी ताब्यात येती," असे म्हणतात. दोन दिवस बरे वाटते. पण बॉक्स सगळ्यात जास्त मधे झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला ढिलेपणा जाईपर्यंत स्क्रू आवळला, की वळणावर बॉक्स धरतो. स्टिअरिंग आपोआप परत येत नाही. गाडी आणखी भटकते आणि बॉक्सही खराब होतो.

म्हणजे ढिली गाडी भटकते, तशी आवळलेलीही भटकते. सायकल आठवा. पुढचा चिमटा थोडा तिरपा असतो. त्यामुळे चाक आपोआप सरळ होऊ पाहते, आणि पोरे हात सोडून सायकल चालवतात. तिचे हँडल जाम करा, मग बघा चालते का! पिकअपच्या चाकांनाही असाच तिरपेपणा दिलेला असतो. किंगपिनला ग्रीस मिळाले नाही की ती कोरडी पडून धरते. मग चाक सरळ होत नाही. ग्रीसचा खर्च किंगपिनच्या मानाने काहीच नाही.

मागची बाजू कुणी पाहत नाही, म्हणून सांगतो. पाट्याचे यू-बोल्ट ढिले झाले किंवा मधला बोल्ट तुटला, की मागचा एक्सल सरकतो. गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते. पुढची चाके सरळ ठेवा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोरी धरा. दोन्ही बाजूंना दोरी सारखी भरली पाहिजे.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. पुढच्या चाकांची तोंडे किती आत हवीत, ते माप ठरलेले असते. ती बाहेर फाकली की गाडी भटकते. टायरवरून हात आडवा फिरवा. एकीकडून गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीच्या दातांसारखे लागले, तर हे माप चुकले आहे. पण झिजलेले जोड तसेच ठेवून अलाइनमेंट केली, तर चार दिवसांत माप परत बिघडते. पैसे पाण्यात.

नवीन जोड बसवला की त्याचे रबरी टोपण आणि नटातली पिन स्वतः पाहा. त्याच ९८व्या नियमात दोन्हींची सक्ती आहे. टोपण फाटले तर धूळ-पाणी आत जाते. पिन नसेल तर नट निघू शकतो. नट निघाला तर दांडा सुटतो, आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवले तरी चाक ऐकत नाही. म्हणून दुरुस्तीनंतर आठवडाभराने सगळे नट पुन्हा एकदा बघून घ्यावेत.