शर्यत रद्द करायची, की पद्धत बदलायची? करोनात पळण्याच्या स्पर्धा कशा झाल्या, समजून घ्या

पहाटे साडेपाचला गावाबाहेरच्या डांबरी रोडवर मोबाईलच्या उजेडात पोरं-पोरी पळताना दिसतात. कुणाला पोलीस व्हायचंय, कुणाला मिलिटरीत जायचंय. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मैदानं बंद झाली, भरती लांबली. नंतर सराव परत सुरू झाला, पण २६ जानेवारी २०२१ ची गावची शर्यत घ्यायची की नाही, यावरून पारावर वाद चालला होता. "मुंबईची मॅरेथॉन पुढं ढकलली, तिथं आपली काय कथा?" असं जाणती माणसं म्हणायची. त्यांचं चुकीचं नव्हतं. पण जगात बाकीच्यांनी काय केलं, तेही बघायला पाहिजे.

धोका पळण्यात कमी, गर्दीत जास्त

मोकळ्या हवेत एकटा माणूस पळतो, तेव्हा धोका कमी असतो. खरी अडचण शर्यत सुटायच्या आधी आणि संपल्यावर होते. नंबर घ्यायला रांग, सुटायच्या रेषेवर खांद्याला खांदा, पाण्याच्या टेबलावर झुंबड आणि बक्षीस वाटपाला अख्खं गाव. त्यातून दमलेला माणूस जोरजोरात श्वास सोडतो. म्हणून आयोजकांनी पळणं तसंच ठेवलं आणि गर्दी तोडली.

मोठ्या शर्यतींनी काय केलं?

पहिला मार्ग म्हणजे फक्त निवडक धावपटू. १ मार्च २०२० च्या टोकियो मॅरेथॉनमधून सुमारे ३८ हजार हौशी लोकांना वगळलं आणि दोनशेच्या आसपास अव्वल धावपटूच पळवले.

दुसरा मार्ग बंदिस्त रस्त्याचा. ४ ऑक्टोबरला लंडनमध्ये शहरभर न पळवता एका बागेभोवती साधारण २.१५ किलोमीटरच्या फेऱ्या मारायला लावल्या. प्रेक्षक नाहीत. धावपटूंना बाहेरच्यांपासून वेगळं ठेवलेलं. यालाच 'बायो-बबल' म्हणतात. आयपीएलमुळं हा शब्द आपल्याकडं सगळ्यांना माहीत झालाय.

तिसरा मार्ग 'व्हर्च्युअल' शर्यत. आपल्या गावात, आपल्या रस्त्यावर पळायचं आणि मोबाईलच्या ॲपनं अंतर-वेळ पाठवायची. लंडनच्या हौशी धावपटूंना त्या दिवशी २४ तास दिले होते. सदतीस हजारांवर लोकांनी आपापल्या जागी मॅरेथॉन पुरी केली. बोस्टनची मॅरेथॉन तर १८९७ पासूनची. ती २०२० मध्ये पहिल्यांदाच रस्त्यावर झाली नाही, अशीच घरोघरी पळाली.

आष्टीच्या पोरानं करून दाखवलं

२९ नोव्हेंबर २०२० ला दिल्लीची अर्ध मॅरेथॉन झाली. निवडक धावपटू बबलमध्ये आणि बाकीचे ॲपवर. त्या मोकळ्या रस्त्यावर आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावच्या अविनाश साबळेनं २१ किलोमीटर १ तास ३० सेकंदांत कापले. नवा राष्ट्रीय विक्रम! ६१ मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय. लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी जाणारा हा पोरगा. शर्यत झाली नसती, तर हा विक्रमही झाला नसता.

गावात कसं जमेल?

आपल्याकडं बबल परवडणार नाही. पण एक सोपी युक्ती आहे. सगळ्यांना एकदम सोडू नका, दर ३० सेकंदाला एकेकाला सोडा. साठ जण असले तरी अर्ध्या तासात सगळे सुटतात. एकानं नंबरासमोर सुटायची वेळ लिहायची, दुसऱ्यानं पोचायची. दोन्ही घड्याळं आधी मिळवून घ्या. वजाबाकी केली की निकाल तयार.

ॲपवर घ्यायची असेल, तर रेंज नाही म्हणून घाबरू नका. अंतर जीपीएसनं मोजलं जातं, त्याला नेट लागत नाही. नेट लागतं ते नंतर पाठवताना. कुणी मोटरसायकलवर फोन फिरवला तर? ॲपमध्ये दर किलोमीटरची वेळ दिसते. दोन मिनिटांत किलोमीटर जगात अजून कुणीच पळालेलं नाही. चोरी लगेच सापडते.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा :

• आधी ग्रामपंचायत, पोलीस ठाणे आणि तहसीलची परवानगी घ्या.

• मास्क सुटेपर्यंत आणि पोचल्यावर लावायचा. जोरात पळताना लावू नका, दम कोंडतो. जागतिक आरोग्य संघटनेचंही हेच सांगणं आहे.

• पाण्याची बाटली ज्याची त्यानं आणायची. एकच तांब्या फिरवू नका.

• निकाल व्हॉट्सॲपवर टाका, बक्षीस घरपोच द्या.

• ताप, खोकला असेल त्यानं घरीच थांबावं. करोना होऊन गेलेल्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय जोरात पळू नये. हृदयाला त्रास होऊ शकतो.

राज्य सरकारनं २०२० मध्ये साडेबारा हजार पोलीस भरतीला मंजुरी दिली होती. भरतीत मैदानी चाचणी होते. तिथं १,६०० मीटर पळताना आपला टाइम काय, हे पोरांना आधी कळायला हवं. ते स्पर्धेतच कळतं. माझ्या शेजारचा एक पोरगा रोज वावरातलं काम उरकून पळतो. त्याचं वय भरतीच्या मर्यादेला टेकलंय. करोना आला म्हणून वय काही थांबत नाही. गर्दी टाळूच, पण या पोरांची शर्यत तेवढी बंद पडू देऊ नका.