प्रेताच्या छातीवरचे पत्र

भुताची गोष्ट आपण भीतीची मजा घेण्यासाठी ऐकतो. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या भूतकथा मला मात्र वेगळ्या कारणासाठी महत्त्वाच्या वाटतात. मेलेल्या माणसाशी जिवंतांनी कसे वागावे, हा प्रश्न त्यांत आहे.

यॉर्कशायरमधील न्यूबर्ग येथे विल्यम नावाचा मठवासी इतिहासकार होता. त्याने ११९६ सालची एक हकिगत नोंदवली आहे. बकिंगहॅम परगण्यातला एक माणूस मेला. त्याला पुरले, त्याच रात्री तो परत आला आणि बायकोच्या अंगावर पडून तिला चिरडू लागला. पुढे त्याने भावांना आणि गुराढोरांनाही छळले. शेवटी तो भरदिवसा हिंडू लागला. लक्षात घ्या, हे भूत म्हणजे धूसर सावली नव्हे. लोकांच्या समजुतीप्रमाणे ते थडग्यातून उठलेले प्रेतच होते.

प्रकरण लिंकनचे बिशप ह्यू यांच्याकडे गेले. सल्लागार म्हणाले, ‘अशा वेळी प्रेत उकरून जाळतात.’ बिशपना ते अशोभनीय वाटले. त्यांनी स्वतःच्या हाताने पापक्षमेचे पत्र लिहिले आणि कबर उघडून ते प्रेताच्या छातीवर ठेवायला लावले. विल्यम सांगतो, त्यानंतर तो माणूस कधी फिरकला नाही.

सर्वांच्या वाट्याला असे पत्र आले नाही. यॉर्कशायरमधील वॅरम पर्सी या ओसाड गावात सापडलेल्या १३७ हाडांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अकराव्या ते चौदाव्या शतकांतली ही हाडे किमान दहा जणांची, त्यांत मुलेही होती. हाडांवर सुरीचे घाव आणि जळाल्याच्या खुणा आहेत. मेलेले उठू नयेत म्हणून हे केले असावे, ही शक्यता संशोधकांना सर्वाधिक वाटते.

पुढे चर्चच्या शिकवणुकीत शुद्धिस्थानाची कल्पना पक्की झाली. १२७४ च्या लियाँ धर्मसभेने, जिवंतांच्या प्रार्थनांनी आणि दानधर्माने मृतात्म्यांचे क्लेश हलके होतात, असे मान्य केले. मग भुतेही मदत मागू लागली! न्यूबर्गजवळच्याच बायलंड मठातल्या एका साधूने १४०० च्या सुमारास बारा भूतकथा लिहून ठेवल्या. त्यांतल्या एकीत भूत स्नोबॉल नावाच्या शिंप्याला गाठते. आपल्याला पापमुक्ती मिळवून दे आणि १८० प्रार्थना करवून घे, अशी त्याची मागणी असते.

माझा भुतांवर विश्वास नाही. पण वॅरम पर्सीची हाडे खरी आहेत. त्यांवर सुरी चालवणारे दुष्टच होते असे नाही. बहुधा ते घाबरलेले होते. तशाच घाबरलेल्या लोकांसाठी ह्यू यांनी लेखणी उचलली, हे मला मोठे वाटते.