कमी खर्चात करा धबधब्याची सहल

पाऊस सुरू झाला की मित्रमैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय असतो, 'यंदा कुठे जायचं?' मग कुणीतरी रिसॉर्टचा फोटो टाकतं, भाडं पाहून निम्मे जण गप्प होतात आणि बेत बारगळतो. तुमच्याही ग्रुपचं असंच होतं का? मग यंदा रिसॉर्ट सोडा आणि लोकल पकडा.

मुंबई-ठाण्याकडे राहत असाल तर मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर, नेरळनंतरचं भिवपुरी रोड स्टेशन लक्षात ठेवा. तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आषाणे गावाजवळ धबधबा आहे.

खर्चाचं गणित

सीएसएमटीहून निघालात तरी सेकंड क्लासचं जाण्यायेण्याचं तिकीट शंभर रुपयांच्या आत बसतं. जेवण घरून न्या. कुणी पोळीभाजीचे रोल, कुणी थालीपीठ, कुणी शेंगदाण्याची चटणी असं आधीच वाटून घ्या. चहा आणि गरम कांदाभजी मात्र गावातल्या टपरीवरच घ्या, तेवढीच गावकऱ्यांची कमाई. माणशी तीनशे रुपयांत दिवस छान जातो. खर्च एकानेच करावा आणि त्याच रात्री सर्वांनी यूपीआयने हिशोब मिटवावा, म्हणजे नंतर कुरबूर नको.

शक्य असल्यास रविवार टाळा. गर्दी तर असतेच, शिवाय मेगाब्लॉकमुळे लोकलचं वेळापत्रकही कोलमडतं.

निघण्याआधी हे तपासा

पावसाळ्यात प्रशासन अनेक धबधब्यांवर मनाई आदेश काढतं. कर्जत तालुक्यातही अशी बंदी आलेली आहे. म्हणून आदल्या दिवशी बातम्या पाहा आणि हवामान खात्याचा इशाराही वाचा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत पुढे ढकला.

बंदी असेल तर हिरमुसू नका. नेरळला उतरा, शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जा आणि प्रवेश शुल्क भरून धुक्यातल्या माथेरानमध्ये भटका.

पाणी सांगून वाढत नाही

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात सहलीला आलेलं एक कुटुंब अडकलं. पाणी अचानक वाढलं आणि प्रवाहाच्या मध्यभागी एकमेकांना घट्ट धरून उभे असलेले लोक वाहून गेले. पाच जणांचा जीव गेला. त्यात चार मुलं होती.

असं का होतं? तुम्ही उभे आहात तिथे ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस कोसळत असतो. ते पाणी काही मिनिटांत खाली येतं. म्हणून या गोष्टी पाळा :

• पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला किंवा आवाज वाढला, तर सामान सोडून आधी काठावर या.

• प्रवाहाच्या मधल्या दगडावर बसू नका. परतीची वाट तिथेच बंद होते.

• गुडघाभर वेगवान पाणीही माणसाला पाडू शकतं. ते ओलांडू नका.

• धारेच्या अगदी खाली उभे राहू नका, वरून दगड येतात. शेवाळलेल्या कड्यावर रील तर नकोच.

• दारू पिऊन पाण्यात उतरू नका, कुणाला उतरू देऊ नका.

• चांगली पकड असलेले बूट, कोरडे कपडे, मोबाइलसाठी प्लास्टिकची पिशवी आणि दोरी सोबत ठेवा. अडचण आल्यास ११२ वर फोन करा.

'नको' म्हणणारा एक हवाच

ग्रुपमध्ये सगळ्यात कठीण काम असतं 'चला, आता परत जाऊ' म्हणण्याचं. म्हणणाऱ्याला भित्रा ठरवतात, मग कळत असूनही कुणी बोलत नाही. यावर सोपा उपाय आहे. लोकलमध्ये बसल्याबसल्याच एकाला निवडा. त्याने 'बाहेर या' म्हटलं की वाद न घालता सर्वांनी बाहेर यायचं. पुढच्या सहलीला पाळी दुसऱ्याची.

उजेड असतानाच परतीची वाट धरा. रिकामे डबे आणि प्लास्टिक पिशवीत भरून घरी आणा. धबधबा पुढच्या पावसातही तिथेच असणार आहे. तो पाहायला तुमचा ग्रुपही पुरता असला पाहिजे.