जालन्याचा जालान

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मी शाळकरी पोरासारखी एक दुरेघी वही केली आहे. तिच्यात रोज रात्री पाच शब्द लिहितो. शब्द इंडोनेशियन भाषेतले, आणि तेही शहरातले. रस्ता, बाजार, गाडी, पत्ता.

कारण माझा चार वर्षांचा नातू. माझा मुलगा जालन्यात सळयांच्या कारखान्यात काम शिकला आणि आता जकार्ताजवळ एका पोलाद कारखान्यात आहे. नातू तिथल्याच बालवाडीत जातो. एकदा फोनवर त्याला विचारले, आज घरी यायला इतका उशीर का? तो म्हणाला, "माचेत, दादा, माचेत!" आणि फोन ठेवून खेळायला पळाला. दोन दिवस मी विचार करत होतो. माचेत म्हणजे ताप, की सण, की एखादा मित्र? तिसऱ्या दिवशी सुनेने सांगितले, माचेत म्हणजे रस्त्यावर गाड्या तुंबणे. ट्रॅफिक जाम. आज एक शब्द अडला, उद्या वाक्य अडेल, आणि परवा आम्हा दोघांत सलाम-दुवेपलीकडे काही उरणार नाही, ही धास्ती मला वही घेऊन बसवते.

सुरुवात फार सोपी वाटली. तिथे ख्यालीखुशाली विचारताना म्हणतात, "अपा काबार?" म्हणजे काय खबर? दुनियाला दुनियाच, वक्ताला वाक्तू, खुर्चीला कुर्सी. आगगाडी म्हणजे 'करेता आपी'. करेता गाडी, आपी आग. आपल्या आजोबांनी केला तोच शब्द तिथल्या आजोबांनीही केला! ग्रंथालयाला 'पर्पुस्ताकाआन', त्याच्या पोटात आपले पुस्तक बसलेले. धोक्याच्या पाटीवर 'बहाया', म्हणजे भय. 'तुम्ही मुसलमान असून मराठीत कविता कशी करता?' असे मला आयुष्यभर विचारले गेले आहे. जगात सर्वांत जास्त मुसलमान असलेल्या देशांत ज्याचे नाव घेतले जाते, तिथे बायकोला 'इस्त्री' आणि नवऱ्याला 'सुआमी' म्हणतात, आणि त्याबद्दल कुणी कुणाला काही विचारत नाही.

पण ओळखीचा शब्द फसवतोही. 'नगारा' म्हणजे नगर असेल असे मी धरून चाललो. तर तो देश! आणि 'देसा' म्हणजे देश नव्हे, खेडे. मग शहर कोणते? 'कोता'. हा आपला कोट, किल्ल्याचा. अक्कलकोटातला कोट डोळ्यांपुढे आणला आणि शब्द पक्का झाला. 'आलामात' म्हणजे उर्दूत खूण. तिथे तो घराचा पत्ता.

रस्ता म्हणजे 'जालान'. आपल्या जालन्याचीच अक्षरे उलटसुलट केलेली. मात्र त्यांचा ज जीवनातला, आपला जालन्यातला. मी आपला ज लावला की नातू फोनवर हसतो. जालान म्हणजे चालणेही, आणि 'जालान-जालान' म्हणजे उगाच फेरफटका मारणे.

बाजाराला 'पासार'. जकार्तात पासार सेनेन आणि पासार मिंगू असे भाग आहेत, म्हणजे सोमवारचा बाजार आणि रविवारचा बाजार. पुण्याच्या सोमवार आणि रविवार पेठाच की! वारांची नावे अरबीतून आलेली, पण रविवार तेवढा पोर्तुगीजांकडून घेतलेला. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना 'काकी लीमा' म्हणतात. काकी म्हणजे पाय (चुलतीचा काही संबंध नाही), लीमा म्हणजे पाच. गाड्याची दोन चाके, एक टेकू आणि विक्रेत्याचे दोन पाय, असा हिशेब लोक सांगतात. दुसरे म्हणतात, वसाहतीच्या काळात दुकानांपुढे पाच फूट रुंद पायवाट सोडत, त्यावरून हे नाव पडले. मला पहिला हिशेब आवडतो.

ही भाषा मुळात बंदरांची आणि बाजारांची मलय. जावानीज बोलणारे संख्येने कितीतरी जास्त होते, तरी २८ ऑक्टोबर १९२८ रोजी तिथल्या तरुणांनी शपथ घेऊन एकीची भाषा म्हणून मान दिला तो हिलाच, इंडोनेशियन या नावाने. बाजारात सगळ्यांना कळते ती भाषा, हे त्यामागचे शहाणपण.

काही शब्द मात्र कोशात असूनही सापडत नाहीत. माझी सून पहिल्यांदा 'आंगकोत'मध्ये, म्हणजे आपल्या काळी-पिवळीसारख्या गाडीत एकटी बसली. उतरायचे ठिकाण आले. ती "स्टॉप, स्टॉप" म्हणत राहिली आणि गाडी पुढे गेली. शेजारच्या बाईने हाक दिली, "किरी!" गाडी थांबली. किरी म्हणजे डावी बाजू. गाडी डावीकडे घ्या, मला उतरायचे आहे, एवढे सगळे त्या दोन अक्षरांत. कोशात किरीपुढे फक्त 'डावा' लिहिले आहे. मी वहीत पुढे 'उतरायचंय' असे लिहून ठेवले. चालकाला 'पाक' म्हणायचे, म्हणजे बाबा. पोक्त बाईला 'बू', म्हणजे आई. अरे-तुरे करायचे नाही.

परवा संध्याकाळी मी मोंढ्याकडून घरी निघालो होतो, तेवढ्यात नातवाचा फोन आला. मी म्हणालो, "दादा जालान-जालान." त्याने लगेच विचारले, "माचेत?"

समोर मोसंबीचे दोन ट्रक आणि कपाशीचा ट्रॅक्टर एकमेकांत अडकून उभे होते. मी म्हणालो, "माचेत, बेटा."